‘भाऊ, क्यामेऱ्यात पाह्य ना, गोल हाये का!’ – फोटोग्राफरने पंच व्हावं का?

काळीमाती (धागाकर्ता), रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. धागा काढायची ही माझी दुसरीच वेळ. सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. पोट लग्नांवर चालतं, साक्षगंध-हळद-रिसेप्शन असं पॅकेज. पण जीव अडकलाय फुटबॉल आणि धावण्याच्या स्पर्धांत. आठ वर्षं झाली, आसपासच्या चार-पाच तालुक्यांत कुठं सामने असले की सेकंडहँड ७०-२०० ची (दूरचं जवळ आणणारी) लेन्स घेऊन मी हजर. पैसे मिळाले तर मिळाले. पोहे तरी मिळतातच.

मागच्या रविवारी एका गावात फायनल होती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं कळेल. निळी जर्सी विरुद्ध पिवळी. एक-एक बरोबरी, शेवटची चार-पाच मिनिटं. सूर्य बुडालेला, उजेडासाठी आयएसओ ६४०० वर नेला तरी शटर २५० च्या (म्हणजे सेकंदाचा २५०वा भाग) वर जाईना. कॉर्नरवरून बॉल आला, गोलसमोर नुसता कालवा, धूळ, आठ-दहा पाय. बॉल एका पोट्ट्याच्या गुडघ्याला लागून आत गेला की रेषेवरच थांबला, देव जाणे. निळ्यांच्या गोलकीपरनं झोपून ओढून घेतला. पिवळे नाचायले लागले. पंच म्हणून आलेले पी.टी.चे सर तेव्हा बारा-पंधरा पावलं दूर होते. लाईनमन म्हणून बसवलेला पोट्टा खर्रा घोटत होता. सरांनी हात हलवला, गोल नाही.

मग कोणाला तरी मी आठवलो. मी गोलच्या बाजूला पोत्यावर बसलेलो. दोन मिनिटांत माझ्याभोवती शंभर माणूस. ‘भाऊ, क्यामेऱ्यात पाह्य ना!’ कॅमेऱ्याचा पट्टा माझ्याच गळ्यात, आणि पलीकडून तिघं कॅमेरा ओढतायत. मी दाखवला. चूक म्हणा, भीती म्हणा. फोटोत जवळचा खांब, त्याच्या आतल्या बाजूला बॉल, आणि मधात साधारण एका बॉलची मोकळी जागा. पिवळे ओरडले, ‘गोल हाये!’ सरांनी पाहिलं, मला विचारलं, ‘तुझं काय म्हणणं?’ मी म्हणालो, ‘सर, सांगता येणार नाही.’ तेही खरंच होतं.

सामना पेनल्टीवर गेला, पिवळे हरले. दरम्यान कोणीतरी माझ्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून घेतला होता. रात्रीपर्यंत बॉलभोवती लाल गोल काढलेला तो फोटो चार तालुक्यांच्या ग्रुपवर फिरला. सोमवारी सकाळी पिवळ्यांच्या मॅनेजरचा फोन. त्यांच्या बहिणीचं लग्न माझ्याकडं होतं, बयाणा पण घेतलेला. ‘ज्याले समोरचा बॉल दिसत नाई, त्याले नवरी काय दिसन?’ ऑर्डर रद्द. निळे वेगळे नाराज: दाखवलाच कायले म्हणून.

तर प्रश्न असा. आपला फोटो निकालासाठी द्यावा की नाही? धावण्याच्या शर्यतीतही हेच होतं. मागच्या २६ जानेवारीला तिसऱ्या नंबरावरून भांडण झालं, तेव्हाही सगळे माझ्याच अंगावर. तुमचे अनुभव सांगा.

नागपुरी_तर्री, रात्री ९:५१

‘ज्याले समोरचा बॉल दिसत नाई त्याले नवरी काय दिसन’ 😂😂 हे तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर छापा भाऊ.

ठाण्याची_ठमा, रात्री १०:०३

मस्त लिहिलंय. खर्रा घोटणारा लाईनमन डोळ्यासमोर आला. (खर्रा म्हणजे मावा का?)

बह्याड_बंड्या, रात्री १०:०५

@ठमा ताई, खर्रा म्हंजे खर्रा. माव्याले खर्रा म्हनसान तं चंद्रपुरात यायचं बंद करा.

शिट्टीवाले_सर, रात्री १०:४०

मी २९ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, जिल्हा पातळीपर्यंत पंचगिरी केली. त्यामुळे त्या सरांच्या जागी स्वतःला ठेवून लिहितो.

फुटबॉलच्या नियमात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, संपूर्ण बॉल संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला पाहिजे. नव्वद टक्के प्रेक्षकांना हेच माहीत नसतं, अर्धा गेला की ते ओरडतात. बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, म्हणजे व्यास साधारण २२. रेष जास्तीत जास्त १२ सेंटीमीटर. पंचाला ते एवढंसं अंतर दूरवरून, पायांच्या जंगलातून पाहायचं असतं. दुसरी, खेळातल्या घटनेबद्दल पंचाचा निर्णय अंतिम. गोल झाला की नाही हेसुद्धा त्यातच येतं. स्पर्धेच्या नियमावलीत व्हिडिओची सोय आधीपासून नसेल, तर ऐनवेळी कोणाच्या कॅमेऱ्यात डोकावायचं नाही. त्या सरांनी पाहिलं ही त्यांची चूक. तुम्ही दाखवलं ही तुमची. पण शंभर माणसं अंगावर आल्यावर नियम आठवत नाहीत हेही मला ठाऊक आहे. एकदा मी सामना संपवून थेट एस.टी.त चढलो होतो, कपडे न बदलता, शिट्टी तोंडात तशीच.

अंबानगरीकर, रात्री ११:०२

सर, मान्य. पण ‘पंचाचा निर्णय अंतिम’ म्हणून जगाने तिथेच हात टेकले नाहीत ना. २०१० च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंड-जर्मनी सामन्यात लॅम्पार्डचा बॉल आडव्या खांबाला लागून चांगला हातभर आत पडला. अख्ख्या जगाने टीव्हीवर पाहिलं, फक्त पंचांना दिसलं नाही. त्यानंतर दोन वर्षांत नियम बदलला आणि २०१४ च्या वर्ल्डकपला गोललाईन तंत्रज्ञान आलं. म्हणजे कॅमेऱ्याला मैदानात घ्यावंच लागलं. गावात ते यंत्र येणार नाही, मग जो कॅमेरा आहे तो का वापरू नये?

शिट्टीवाले_सर, रात्री ११:१५

तिथे एका गोलवर सात-सात कॅमेरे जागा मोजून, छतावर बसवलेले असतात. इथे एक माणूस पोत्यावर.

बह्याड_बंड्या, रात्री ११:१६

सर 😂 पोत्याचा अपमान नोको.

कॅमेरावाले_काका, सकाळी ६:२०

सकाळी फिरून येऊन वाचलं. चहा थंड झाला. धागाकर्त्या, तू म्हणालास ‘सांगता येणार नाही’, ते शंभर टक्के बरोबर होतं. का ते तुला माहीत असेलच, बाकीच्यांसाठी लिहितो.

एक, कॅमेरा सेकंदाला किती फ्रेम घेतो? समजा आठ. बॉल सेकंदाला १५ मीटर गेला, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, गावातला पोरगाही सहज एवढं मारतो, तर दोन फ्रेमच्या मधात बॉल जवळपास दोन मीटर जातो. आत जाऊन परत आला तरी कॅमेऱ्याला पत्ता नाही. दोन, २५० च्या शटरला तोच बॉल एका फ्रेममध्येच सहा सेंटीमीटर सरकतो. त्याची कड कुठं हेच धूसर. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं, तू रेषेच्या अगदी सरळ बसला होतास का? नसशील तर खांब आणि बॉल यांच्यामधल्या जागेला काडीचा अर्थ नाही.

जागेवरून एक आठवलं. १९६५ साली अली-लिस्टन बॉक्सिंग लढतीचा तो जगप्रसिद्ध फोटो आहे ना, खाली पडलेला लिस्टन आणि वर हात वळवून ओरडणारा अली. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ मासिकासाठी तो काढणारा नील लायफर तेव्हा २२ वर्षांचा. त्याच मासिकाचा अनुभवी फोटोग्राफर रिंगच्या पलीकडच्या बाजूला होता, अलीच्या दोन पायांच्या मधून तो फोटोत दिसतो. त्याच्यासमोर अलीची पाठ. त्यानं काही चूक केली नव्हती, फक्त बाजू पलीकडची मिळाली.

नागपुरी_तर्री, सकाळी ९:१०

आणि उलटंही होतं काका. २०२२ च्या वर्ल्डकपचा जपान-स्पेन सामना आठवा. बॉल बाहेर गेला असं टीव्हीवर सगळ्यांना वाटलं, जपानचा गोल रद्द होणार म्हणून लोक बसले होते. मग एपी या वृत्तसंस्थेच्या फोटोग्राफरचा वरून काढलेला फोटो आला. बॉलचा एक चिमूटभर भाग रेषेवर लटकलेला. व्हीएआरनं (व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी) गोल दिलाच होता, पण लोकांना पटलं ते त्या फोटोनं. त्याच गटातली जर्मनी घरी गेली.

म्हणून भाऊ, पुढच्या वेळी चिंचेच्या झाडावर चढा.

काळीमाती, सकाळी ९:३४

@काका, नाही, सरळ नव्हतो. गोलरेषेच्या साधारण मीटरभर मागं, आणि जवळच्या खांबापासून सहाएक मीटर बाजूला. रेषेवर बसलो तर कॉर्नर मारणाऱ्याच्या मधात येतो.

आणि रेष म्हणजे काय विचारता. सकाळी फक्की मारली होती. उत्तरार्धापर्यंत गोलकीपरनं पायानं घासून घासून ती पार मातीत मिसळून गेलेली. दोन खांबांच्या मधात जो तो आपापली रेष मनात ओढून घेत होता. काळी माती, वरून भेगा. बॉल टप्पा खाल्ला की उजवीकडं जाईल की डावीकडं हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मागच्या वर्षी पावसाळ्यात एका सामन्याला गेलो तर पोट्ट्यांच्या बुटांना शेर-शेर माती चिकटलेली, मध्यंतरात सगळे काडीनं बूट खरवडत बसले होते. तो माझा आवडता फोटो आहे. एकही बॉल नाही त्यात.

खांब_आणि_जाळं, सकाळी १०:२२

कामठीचा आहे मी. आमच्याकडं इंग्रजांनी १८२१ ला छावणी वसवली आणि फुटबॉल मागं ठेवून गेले असं आम्ही गमतीनं म्हणतो. चौदा वर्षं गोलकीपर होतो. एक सांगू? फोटो, व्हिडिओ, पंच, सगळं राहू द्या. बॉल आत गेला होता की नाही हे जगात एकाच माणसाला नक्की माहीत असतं, आणि तो पोटाखाली बॉल घेऊन झोपलेला असतो.

बह्याड_बंड्या, सकाळी १०:२४

मंग इचारा ना त्याले!

खांब_आणि_जाळं, सकाळी १०:३१

विचारून काय उपयोग? मी चौदा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. 🙂

ठाण्याची_ठमा, सकाळी ११:०५

धाव-शर्यतीचं काय? मी मुंबईत चार वेळा अर्धमॅरेथॉन धावले, म्हणजे २१ किलोमीटर. फोटोग्राफर रस्त्यात दिसला की मी पोट आत घेते, हसते, आणि फोटोत नेमके डोळे मिटलेले. आता छातीवरच्या नंबरवरून संगणक फोटो शोधून देतो, पण माझा नंबर नेहमी हाताआड. एका वर्षी माझ्या नंबरवर एका मिशीवाल्या काकांचे बारा फोटो आले होते, विकत घ्या म्हणून.

काळीमाती, सकाळी ११:४०

ठमाताई, डोळ्यांचं माझ्या हाती नाही, पण पायांचं आहे. धावणाऱ्याचा पाय जमिनीवर टेकलेला असताना फोटो काढला तर चांगला पळणाराही चिखलात रुतल्यासारखा दिसतो, गालसुद्धा खाली लोंबतात. दोन्ही पाय हवेत असले की तोच माणूस हरणासारखा. तेवढा क्षण पकडायचा म्हणून मी बटण दाबूनच ठेवत नाही, पावलांचा ताल मोजतो, तोंडानं ‘एक-दोन, एक-दोन’ करत. आजूबाजूचे लोक म्हणतात, या फोटोवाल्याला काहीतरी झालंय.

आमच्याकडच्या शर्यती तुमच्यासारख्या नसतात. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी, मधात एखादी संत्र्याची बाग. सुरुवातीला नारळ फुटतो, मग भाषणं, मग अजून भाषणं, तोवर ऊन वर येतं. पळणारे निम्मे पोलीस भरतीची तयारी करणारे. त्यांना मेडलशी घेणं नसतं, ते घड्याळाकडं पाहतात. आणि शर्यतीच्या पुढं डीजेची गाडी नाही तर मोटरसायकलवर झेंडा घेतलेले चौघं, सगळा धूर पहिल्या नंबरवाल्याच्या तोंडात. मी मोटरसायकलवर उलटा बसून फोटो काढायचो, एकदा गतिरोधकावर लेन्ससकट खाली आलो, तेव्हापासून बंद.

आठशे_मीटर, दुपारी १:१५

पहिल्यांदाच लिहीत आहे. बुलढाणा जिल्हा. धागा निकालाचा आहे, पण फोटोवरून माझंही एक आहे, म्हणून.

भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मी दोन वर्षं पहाटे साडेचारला गावाच्या रस्त्यावर पळत होते. सोबत भाऊ सायकलवर, काठी घेऊन, कुत्र्यांसाठी. एका शर्यतीत माझा पहिला नंबर आला. फोटोवाल्या दादांनी फोटो काढला, छानच होता. पण पंधरा दिवसांनी तो एका अकॅडमीच्या फ्लेक्सवर, तालुक्याच्या चौकात. मी त्या अकॅडमीत कधी गेलेच नव्हते. हाफ पँटमध्ये, बॅनर चांगला दहा फुटी. बाबा बाजाराला गेले तेव्हा लोकांनी दाखवला. बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मला कोणी उठवलं नाही, आणि सायकलची चावी जागेवर नव्हती. आठ दिवस गेले असेच. शेवटी आईनंच चावी काढून दिली, पिठाच्या डब्यातून.

तो फोटो निघू नये असं माझं म्हणणं नाही. आता तोच घरात लावलेला आहे. पण एकदा विचारायचं होतं. काळीमाती दादा, तुम्ही विचारता का?

काळीमाती, दुपारी २:०८

ताई, खरं सांगतो, पहिली काही वर्षं नाही विचारलं. आयोजकानं मागितले की पेनड्राईव्हमध्ये सगळे ओतून द्यायचो. ते पुढं कुणाला देतात कधी पाहिलं नाही. आता मुलींचे फोटो आधी त्यांच्या सरांना किंवा घरच्यांना पाठवतो, मग आयोजकाला. तरी ग्रुपवर गेलेला फोटो परत बोलावता येत नाही हे या रविवारी स्वतःच शिकलो.

अंबानगरीकर, दुपारी २:३०

@आठशे_मीटर, भरतीचं काय झालं?

आठशे_मीटर, दुपारी २:३३

झाली. ड्युटीवरून लिहीत आहे. 🙂

नागपुरी_तर्री, दुपारी २:३४

अरे वाह! सगळ्यांनी नीट बसा, धाग्यात पोलीस आलेत.

अंबानगरीकर, दुपारी ३:१०

अभिनंदन ताई!

आता मूळ विषयाचा दुसरा अर्धा भाग, धावण्याचा निकाल. माझं शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. (१९१४ पासूनची संस्था, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या मुलांनी तिथं देशी खेळ करून दाखवले होते. अभिमानानं सांगतो, दिवे घ्या.) तिथं पहिल्यांदा डोक्यात बसलं की शर्यतीत पाय, हात, डोकं काहीही आधी गेलं तरी उपयोग नाही, धड मोजतात. छाती समजा. पी. टी. उषाचं १९८४ चं ऑलिंपिक पदक ५५.४१ आणि ५५.४२ सेकंदांच्या मधात गेलं. शेवटच्या क्षणी छाती पुढं झोकायला ती कमी पडली असं तेव्हापासून ऐकत आलोय. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला शंभर मीटरमध्ये जमैकाच्या थॉम्पसनचा पाय आधी पोचला होता, पण अमेरिकेच्या लाइल्सची छाती पुढं. फरक ०.००५ सेकंदाचा.

आता धागाकर्त्यानं सांगावं, २६ जानेवारीला तो कुठं उभा होता?

काळीमाती, दुपारी ३:२५

फितीच्या पलीकडं, समोर, २०० वर झूम करून.

कॅमेरावाले_काका, दुपारी ३:४१

झालं मग! समोरून मोठ्या लेन्सनं काढलं की पुढचा-मागचा सगळा एका रांगेत येतो, पाच फुटांचं अंतर पाच इंचांचं वाटतं. तो फोटो फ्लेक्ससाठी सोन्यासारखा आणि निकालासाठी रद्दी. खऱ्या फोटोफिनिशचा कॅमेरा तर वेगळाच असतो. तो फक्त रेषेची एक बारीक चीर पाहतो आणि त्या चिरेतून कोण कधी गेलं ते बाजूबाजूला जोडत जातो. म्हणून त्या चित्रात पाय वेडेवाकडे, बूट लांबलचक दिसतात. ते ठिकाणाचं चित्र नसतं, वेळेचं असतं.

गावासाठी साधा उपाय: एक जुना मोबाईल तिपाईवर, रेषेच्या अगदी सरळ, स्लोमोशन २४० वर (सेकंदाला २४० चित्रं). धावणारा सेकंदाला सात मीटर आला तरी दोन चित्रांच्या मधात तीन सेंटीमीटर. तिसऱ्या नंबरच्या हजार रुपयांसाठी पुरे. फक्त त्या मोबाईलसमोर कोणी स्वागताला उभं राहू नये याची जबाबदारी एका धिप्पाड माणसाकडं द्यावी.

बह्याड_बंड्या, दुपारी ३:५०

सरपंच स्वतः फितीसमोर उभे रायतात हार घेऊन, त्याईले कोन हटवन?

धुऱ्यावरचा, संध्याकाळी ५:०२

थोडं अवांतर. आमच्याकडच्या शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) हे भांडण कधीचंच. तळेगाव दशासरचा पट पाहायला लहानपणी आजोबांसोबत गेलो होतो. २०१४ ला कोर्टानं बंदी घातली, २०२३ ला शर्यतींना परवानगी देणारा कायदा कोर्टात टिकला तेव्हा पुन्हा नीट सुरू. बैलजोडी निघाली की मागं धुळीचा असा डोंगर उठतो की फोटोत फक्त शिंगं. माझा पुतण्या महागडा कॅमेरा घेऊन गेला, ‘आर्ट’ काढायला. आला तेव्हा लेन्सच्या रिंगमधून करकर आवाज. दुरुस्तीवाल्यानं अर्धी वाटी माती काढून हातात दिली.

कॅमेरावाले_काका, संध्याकाळी ५:२०

पुतण्याला म्हणावं धुळीत लेन्स बदलू नको, आणि पातळ रुमालाऐवजी प्लास्टिकची पिशवी रबर लावून घाल. किराण्याची चालते.

रात्रीच्या सामन्यांचं पण लिहून टाकतो, कोणाला तरी उपयोग होईल. गावातले दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर ५००-१००० वर नेलं की एक फोटो पिवळा, दुसरा काळपट, तिसऱ्यात अर्धा पोरगा उजेडात. कॅमेऱ्यात अँटिफ्लिकर असेल तर लावा. नसेल तर शटर १०० वर आणा, आणि पोरं पुसट आली की त्याला ‘वेग दाखवला’ म्हणा.

नागपुरी_तर्री, संध्याकाळी ५:२५

‘वेग दाखवला’ – वाचनखूण साठवली. ऑफिसात वापरतो.

संपादक, संध्याकाळी ६:००

कोणत्या गावाचा सामना हे शोधणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्याने नाव दिलेलं नाही, आपणही देऊ नये.

शिट्टीवाले_सर, संध्याकाळी ६:४५

धाग्याचं वळण बघता मूळ प्रश्नावर माझं मत थोडं बदललं आहे. फोटो देऊ नये असं मी म्हणालो होतो. आता म्हणतो, ठरवायचं असेल तर सामन्याआधी ठरवा. कॅमेरा कुठं असेल, कोण पाहील, पाहून काय करेल. आधी न ठरवता नंतर पाहिलं की पाहणारा आपल्याला हवं तेच पाहतो. आणि धागाकर्त्या, तुला एक काम सांगतो. तो सामना झाला त्याच मैदानावर जा. त्याच जागी बस. बॉल रेषेवर ठेवून फोटो काढ, पूर्ण आत ठेवून काढ, वेगवेगळ्या जागी. मग ते फोटो पिवळ्यांना दाखव.

बह्याड_बंड्या, संध्याकाळी ६:४७

सर, हा होमवर्क हाये.

काळीमाती, (तीन दिवसांनंतर) रात्री ८:३०

गेलो होतो सर.

काल सकाळी, भाचा आणि बॉल घेऊन. पोतं पण तेच नेलं. दोन खांबांच्या मधात दोरी ताणली, तिच्यावरून नव्यानं फक्की मारली, बरोबर खांबाएवढी रुंद. रेषेच्या मीटरभर मागं, खांबापासून सहा मीटर, टेपनं मोजून बसलो. भाचा बॉल ठेवायचा, मी काढायचो. दोन बकऱ्या प्रेक्षक.

पहिल्या फोटोतच डोकं गरगरलं. बॉल बरोबर रेषेच्या मधोमध, म्हणजे अजिबात गोल नाही, तरी फोटोत तो खांबाच्या आत आणि मधात मोकळी जागा. मी रेषेच्या मागं बसलेलो, म्हणून जवळचा खांब मैदानाकडं सरकल्यासारखा दिसतो आणि बॉल जाळीकडं. बॉल जवळच्या खांबापासून जितका लांब, तितकी ती जागा मोठी. मग आम्ही सामन्यातल्या फोटोएवढीच, एका बॉलची जागा यायचे सगळे प्रकार शोधले. दोन ठेवतो इथं.

फोटो अ: बॉल खांबापासून एक मीटरवर.
फोटो ब: बॉल खांबापासून अडीच मीटरवर.

एकात बॉल नुकताच पूर्ण आत गेलेला, चक्क गोल. दुसऱ्यात रेषेच्या मधोमध. मधली जागा दोन्हीत सारखी. मी दोन्ही मोबाईलवर भाच्याला दाखवले. स्वतः बॉल ठेवलेला माणूस तो, म्हणाला, ‘मामा, दोन्ही गोल.’

अंबानगरीकर, रात्री ८:५२

जबरदस्त! पण थोडा कीस काढतो. एक मीटरवरचा बॉल तुला जवळ, म्हणजे फोटोत थोडा मोठा दिसेल. सामन्यातल्या बॉलचा आकार मोजून जागा काढता येईल की.

काळीमाती, रात्री ९:०५

बसलो होतो रात्री मोजायला. तो बॉल धूळ आणि २५० च्या शटरमुळं लांबट झालाय, काकांनी सांगितलं तसं. एका बाजूनं मोजला तर अ, दुसऱ्या बाजूनं मोजला तर ब. वरचा थोडा भाग एका गुडघ्याआड. सोडून दिलं.

खांब_आणि_जाळं, रात्री ९:१०

निळ्यांच्या गोलकीपरचा नंबर असेल तर द्या. मी बोलतो. गोलकीपर गोलकीपरला सांगतो.

काळीमाती, रात्री ९:१४

विचारलं मी. हसला नुसता.

ठाण्याची_ठमा, रात्री ९:२०

सर, तुम्हाला काय वाटतं? सामन्यातला फोटो अ सारखा की ब सारखा?

शिट्टीवाले_सर, रात्री ९:३१

मी तिथे रेषेवर नव्हतो.

नागपुरी_तर्री, रात्री ९:३३

ते सगळं ठीक, लग्नाचं काय झालं?

काळीमाती, रात्री ९:४०

दोन्ही फोटो घेऊन पिवळ्यांच्या मॅनेजरकडं गेलो. त्यांनी चहा सांगितला. फोटो पाहिले, उलटे करून पाहिले, आतून बहिणीला बोलावून तिलाही दाखवले. ती म्हणाली, ‘दादा, मले तं दोन्हीत बॉलच दिसून रायला.’ मग ते जरा हसले. ऑर्डर परत दिली, पण एका अटीवर. हळदीला ड्रोन आणायचा. म्हणाले, ‘या टायमाले वरून घेजो. बाजूनं कायच घेऊ नको.’